आठवण म्हणून ठेवू नका, उसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सरल्यावर गरम कपडे कसे ठेवावेत, यावर आपल्या पुरवणीत एक टिपण आलं होतं. डांबराच्या गोळ्या, कडुनिंबाचा पाला, हवा काढून घेणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, सगळं उपयोगाचं. पण शेवटी असा सल्ला होता की आजीनं विणलेला स्वेटर कुणाला होत नसला तरी देऊन टाकू नका, तिची आठवण म्हणून जपून ठेवा. देऊन टाकू नका हे मला मान्य आहे. जपून ठेवा याच्याशी माझं भांडण आहे.

मी निफाडची, निवृत्त शिक्षिका. ज्यांना निफाड फक्त हवामानाच्या बातम्यांतून ठाऊक आहे त्यांना सांगते, त्या बातम्या खऱ्या असतात. डिसेंबर-जानेवारीत राज्यातला सगळ्यात खालचा पारा पुष्कळदा आमच्याकडचाच निघतो. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागांत शेकोट्या पेटवतात. अशा गावात स्वेटर विणणं ही हौस नव्हती. पापड-कुरडयांसारखं तेही वर्षाचं काम होतं, आणि त्यातलं निम्मं काम उसवण्याचं होतं. ते आता कुणी सांगत नाही.

दिवाळीचा फराळ संपत आला की आई ट्रंक उघडायची. कोपरं विरलेला दादाचा, आखूड झालेला माझा, मधल्या भावाचा असे सगळे स्वेटर अंगणात यायचे. आधी बगलेची आणि खांद्याची शिवण शोधायची. ती त्याच लोकरीनं घातलेली असते, त्यामुळे नजरेला लवकर सापडत नाही. तिथे कात्री जपून. शिवणीऐवजी विणीचा टाका कापला गेला की धागा तुटलाच. मग गळ्यापासून सुरुवात. स्वेटर खालच्या बॉर्डरपासून वर विणत नेलेला असतो आणि उसवताना जिथे टाके बंद केले तिथूनच तो सरळ सुटतो. खालच्या टोकाकडून ओढायला गेलात तर टाक्यात टाका अडकतो. गळा सुटला, की पुढे एकेक सुई सुर्रकन निघत जाते. (आमच्याकडे ओळीला ‘सुई’च म्हणतात. ‘दहा सुया विणून झाल्या’ म्हणजे दहा ओळी.)

सुटलेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लड करायची. चार ठिकाणी सैलसर बांधायची. कोमट पाण्यात रिठा घालून बुडवायची, पण चोळायची नाही, नाहीतर लोकर आटून तिचा नमदा, म्हणजे दाटून बसलेला जाड थर होतो. पिळायचीही नाही. दांडीवर सावलीत टांगून खाली पितळी तांब्या अडकवायचा, म्हणजे वर्षभर टाक्यांत बसून लोकरीला पडलेल्या वळ्या त्या वजनानं सरळ होतात. वाळलेली लड मग आमच्या हातांत. दोन्ही हात पुढे करून बसायचं आणि आई गुंडा वळत जाईल तसतसे हात डावीकडे-उजवीकडे झुकवायचे. सुया हातात मिळण्याआधी घरातल्या प्रत्येक मुलानं हे काम केलंय, मुलग्यांनीसुद्धा. हात दुखले तरी उठता यायचं नाही. त्या तासाभरात आई ज्या गोष्टी सांगायची त्या एरवी सांगत नसे. आजोबांनी सावकाराकडून जमीन कशी सोडवली ते मला लड धरूनच कळलं.

कोपरापाशी लोकर हमखास तुटायची. आई गाठ मारत नसे. दोन्ही टोकांचे पदर विस्कटून एकमेकांवर ठेवायची, तळव्यावर पाण्याचा थेंब घ्यायची आणि जोरात चोळायची. ओल, ऊब आणि घासणं यांनी लोकरीचे तंतू एकमेकांत असे गुंततात, की जोड कुठे आहे ते बोटांनाही कळत नाही. हे खऱ्या लोकरीलाच जमतं. आज दुकानात लोकर मागितली तर बहुधा ॲक्रिलिक हातात ठेवतात, त्याला गाठच मारावी लागते. आमच्या भागात धनगरांच्या मेंढ्या होत्या, पण दख्खनी मेंढीची लोकर राठ. ती घोंगडीची. स्वेटरची मऊ लोकर नाशिकहून विकत आणावी लागे आणि ती स्वस्त नव्हती. म्हणून एकदा आणलेली लोकर घरातून सहसा बाहेर जात नसे.

मूल वाढायचं, लोकर तेवढीच राहायची. मग मध्ये दुसऱ्या रंगाचा पट्टा यायचा. वडिलांच्या राखाडी स्वेटरचा दादाचा झाला तेव्हा त्यात मरून पट्टा आला. दादाच्याचा माझा झाला तेव्हा विरलेला भाग टाकून द्यावा लागला, म्हणून बाह्या पिवळ्या झाल्या. शाळेत मला पोपट म्हणायचे. आई बाह्या खांद्याकडून मनगटाकडे विणायची, म्हणजे मनगट विरलं तर तेवढंच उसवून पुन्हा विणता येतं आणि हात लांब झाले तर चार बोटं वाढवताही येतात. पुढे वाचनात आलं, की ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार घालत त्या गर्न्झी स्वेटरच्या बाह्याही याच कारणासाठी अशाच वरून खाली विणत. निफाडच्या बाईला हे कुणी सांगितलं असेल? कुणीही नाही. लोकर कमी असली की अक्कल आपोआप येते.

१९६२ च्या थंडीत मात्र आमच्याकडे काहीच उसवलं गेलं नाही. चीनचं युद्ध सुरू होतं. देशभर बायका जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणत होत्या. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि पुढल्या वर्षी आमच्या नाशिक मतदारसंघातूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. तेव्हा आमच्याकडे हा घरचाच मामला झाला होता. आईला खाकी लोकर तोलून मिळायची आणि विणलेला स्वेटर तोलून परत द्यायचा. मावशी तेव्हा माहेरपणाला आमच्याकडे होती. पाठ आणि पोट आईनं विणायचं, बाह्या मावशीनं, अशी वाटणी. मला सुया हव्या होत्या, पण घरातल्या सगळ्या कामाला लागलेल्या. वडिलांनी सायकलच्या दोन जुन्या तारा घासून गुळगुळीत केल्या आणि खाकीचा एक वीतभर तुकडा मला मिळाला. त्या तारांवर मी पहिले टाके घातले.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळं. या नाताळच्या सुटीत नात आणि तिचा धाकटा भाऊ पुण्याहून आले होते. नातीला विणायचं होतं. ती मोबाइलवर बघून टाके घालायला शिकून आली होती. मी आईनं वडिलांसाठी विणलेला शेवटचा स्वेटर काढला. निळा, अस्सल लोकरीचा, वडील गेल्यापासून पेटीत. मुलगा म्हणाला, “आई, हा नको. हा आजीची आठवण आहे.” मी तो उजेडात धरला आणि त्याला कसरीनं पाडलेली भोकं दाखवली. अंधारात, न हलवता, माणसाच्या घामासकट ठेवलेली लोकर कसरीला फार आवडते. आणखी थोडे हिवाळे गेले असते तर आठवणीची चाळण झाली असती.

उसवण्याआधी नातीनं तो मांडीवर पसरला. पोरीची नजर तीक्ष्ण आहे. म्हणाली, “आजी, या दोन बाह्या सारख्या नाहीयेत.” मोजल्या. लांबी तेवढीच, पण डाव्या बाहीला सुया कमी. म्हणजे डावी बाही सैल हातानं विणलेली. आईचा हात घट्ट होता, सैल हात मावशीचा. म्हणजे वडिलांच्या या स्वेटरची एक बाही मावशीनं विणून दिली होती आणि ते घरात कुणीच कधी बोललं नव्हतं. आई तेव्हा आजारी होती एवढंच मला आठवतं. स्वेटर पेटीतच राहिला असता तर हे कुणाला कळणार होतं?

मग तिनं दुसरी गोष्ट पकडली. अंगाच्या भागात सुलट बाजूला एकाआड एक सुई जराशी पिळलेली, टाके तिरके. तिनं स्वतःची, मी शिकवल्यावर विणलेली पट्टी शेजारी ठेवली. तीच तिरकी रेघ. कारण सोपं आहे. उलट टाका घेताना सर्रास लोकर सुईवरून फिरवतात, आमच्या घरात ती खालून उचलतात. त्यामुळे टाका सुईवर उलट्या पायावर बसतो आणि पुढच्या सुईला नेहमीसारखा पुढून विणला की पिळतो. मोबाइलवरची बाई हे असं करत नाही. नातीनं तिच्याकडून टाके घालणं घेतलं, पण उलट टाका माझ्याजवळ बसून घेतला. एकदा आमच्या शाळेत एका प्रशिक्षणाला आलेल्या बाईंनी माझा हा टाका चुकीचा ठरवला होता. चुकीचा कसला? वीण थोडी घट्ट बसते, वारा कमी लागतो. गाण्यात घराणं असतं तसं हे आमचं वळण, आईकडून माझ्याकडे आणि आता नातीकडे आलेलं.

स्वेटर उसवला. लड नातवानं धरली. “किती वेळ?” असं तो सारखं विचारत होता आणि मी वडिलांच्या सायकलची गोष्ट लांबवत होते. कसरीनं खाल्लेली लोकर वगळून जे उरलं त्यात नातीची टोपी आणि एक बिनबाह्यांचा स्वेटर होईल. बॉर्डर ११ नंबरच्या सुयांवर, अंग ९ वर. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा मोठा तितकी सुई बारीक, याचं तिला फार हसू आलं. बिनबाह्यांचा कुणासाठी, यावर अजून भांडण चालू आहे.

असं उसवून पुन्हा विणणं आता बाजारच्या स्वेटरचं होत नाही. थंडीत नाशिकच्या तिबेटी मार्केटमध्ये झुंबड असते आणि पुष्कळांना वाटतं की तो माल हातानं विणलेला असतो. त्यातला बराचसा लुधियानाच्या कारखान्यांतून येतो. तिबेटी बायका कष्टानं दुकानं चालवतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण यंत्रावर विणलेलं कापड कापून शिवलेलं असेल, तर उसवल्यावर हातभर लांबीचे तुकडेच निघतात. फ्लीसचं जाकीट तर उसवतच नाही. असले कपडे मूल वाढलं की दुसऱ्याला द्यायचे किंवा फेकायचे, तिसरा मार्ग नाही.

‘आजीची माया’, ‘आजीची ऊब’ असलं लिहिणाऱ्यांचाही मला थोडा राग येतो. आईला स्वेटर विणताना बघून कुणाला माया आठवली नसती. ती टाके मोजत असायची आणि मध्ये बोललं तर खेकसायची. पंचाण्णव टाक्यांत सहाची (दर सहा टाक्यांनी पुन्हा येणारी) वीण बसवायची तर कडेचे किती सोडायचे, हे ती तोंडी करायची. मी पुढे गणित शिकवलं ते त्यातूनच.

आणखी एक. नातवालाही सुया हव्या होत्या. “मुलगे विणत नाहीत,” असं त्याला त्याच्याच बहिणीनं सांगितलं. पेरू देशात तितिकाका सरोवरात ताकिले नावाचं बेट आहे. तिथे विणकाम पुरुष करतात, मुलगे लहानपणीच शिकतात, आणि त्या बेटाच्या वस्त्रकलेचा युनेस्कोनं २००५ साली गौरव केला. हे मी दोघांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी नातवाला सुया मिळाल्या. टाके फार घट्ट घालतो, पणजीचा हात.

पूर्वी कार्यानुभवाच्या तासाला आम्ही मुलांकडून हे करून घेत होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून गावातल्या सुतार, कुंभार, कारागिरांकडे शिकायची सोय सुचवली आहे. त्या यादीत विणणाऱ्या आज्यांनाही घ्यावं. आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही शाळेनं बोलावलं तर मी येईन, मानधन नको. मुलांनी नवी लोकर विकत आणू नये, घरातला जुना हाताने विणलेला स्वेटर आणावा. ॲक्रिलिकचा असला तरी चालेल. आणायच्या आधी तो कुणी विणला हे घरात विचारून यावं आणि शक्य असेल तर विणणारीलाही सोबत आणावं. कात्री माझ्याकडे आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
निफाड, जि. नाशिक