तो लेख थांबवल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

पुढच्या आठवड्यात तुम्ही निवृत्त होताय. समारंभात मला दोन मिनिटं बोलायला सांगितलंय, पण मला जे सांगायचंय ते दोन मिनिटांत मावणारं नाही. शिवाय ते तुमच्या इतर विद्यार्थ्यांनीही वाचावं असं वाटतं, म्हणून हे जाहीर पत्र.

माझ्या पीएचडीचं दुसरं वर्ष होतं. एकाच जंगलाच्या, एकाच ऋतूतल्या, पण दोन वेगळ्या वर्षांच्या उपग्रह प्रतिमा मी शेजारी शेजारी मांडल्या होत्या. अलीकडच्या प्रतिमेत एनडीव्हीआय, म्हणजे झाडांचा हिरवेपणा दाखवणारा निर्देशांक, सगळीकडे उतरलेला. जंगल सुकतंय, असा निष्कर्ष काढून मी लेख लिहिला आणि मोठ्या आशेनं तुमच्या टेबलावर ठेवला. तुम्ही तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचलात आणि एवढंच विचारलंत, "तिथं जाऊन आलीस का?"

दोघी गेलो. झाडं चांगली तजेलदार होती. एक पान तोडून तुम्ही ते उन्हाकडे धरलंत आणि मला पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीसारखं पुन्हा समजावलंत. पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेतं. जवळचा अवरक्त प्रकाश त्याच्या कामाचा नसतो, तो पानाच्या आतल्या सच्छिद्र पेशी परत फेकतात. या दोन परावर्तनांमधल्या फरकाला त्यांच्या बेरजेनं भागलं की एनडीव्हीआय. हे मला पाठ होतं. पण पान आणि उपग्रह यांच्या मध्ये अख्खं वातावरण असतं, ते मी हिशेबात नीट धरलंच नव्हतं. अलीकडची प्रतिमा घेतली त्या दिवशीच्या धूसर हवेतल्या कणांनी विखुरलेला प्रकाश लाल पट्ट्यात मिसळला आणि निर्देशांक खाली आला. जंगल सुकलं नव्हतं, हवा गढूळ होती.

लेख थांबला. मी रडले, तुमच्यावर चिडलेही. तुम्ही मात्र पुढचे कित्येक महिने माझ्या शेजारी बसून प्रत्येक प्रतिमेची वातावरणीय दुरुस्ती पुन्हा करून घेतलीत. तो लेख तसाच छापून आला असता, तर एका धडधाकट जंगलाच्या नावावर माझी चूक कायमची चिकटली असती. मॅडम, तुमचे सगळ्यात मोठे आभार मानायचे ते या थांबवण्याबद्दल.

शेतातले ते दिवसही आठवतात. उपग्रह ज्या दिवशी वरून जाणार त्याच दिवशी आपण शेतात हजर. ढग आले तर लँडसॅट उपग्रहाच्या पुढच्या फेरीपर्यंत 16 दिवस थांबायचं. कपडे गडद रंगाचे, कारण पांढऱ्या सदऱ्यावरून उडालेला प्रकाशही स्पेक्ट्रोरेडिओमीटरमध्ये, म्हणजे परावर्तित प्रकाश मोजणाऱ्या आपल्या उपकरणात, शिरतो. दर थोड्या वेळानं तुलनेसाठी पांढऱ्या पॅनेलवर मोजमाप घ्यायचं आणि आपली सावली रोपांवर पडू द्यायची नाही. विरळ ढगाची एक चिरी सूर्यावरून सरकली तरी तुम्ही हात वर करायचात आणि सगळे थांबायचे. मग वहीत नोंद: वेळ, आकाश, पिकाची उंची, दोन ओळींमध्ये किती माती दिसते. तेव्हा मला याचा कंटाळा यायचा, हे आज कबूल करते.

2008 मध्ये लँडसॅटचा संग्रह मोफत खुला झाला, तेव्हा त्या वह्यांची किंमत कळली. त्याआधी प्रतिमा विकत घ्यायच्या म्हणून आपण दोन-तीन तारखांवर भागवत होतो. आता 1972 पासून साठलेल्या प्रतिमा कुणालाही मिळू लागल्या. पण त्या त्या तारखेला जमिनीवर नेमकं काय उभं होतं, हे किती जणांनी लिहून ठेवलं होतं? तुम्ही ठेवलं होतंत. जुनी प्रतिमा पुन्हा उघडता येते, जुनं शेत नाही.

आणि ते बांधावरचे रानफुलांचे पट्टे! लँडसॅटच्या 30 मीटरच्या पिक्सेलमध्ये, म्हणजे प्रतिमेच्या एका चौकोनी ठिपक्यात, ते शेजारच्या पिकात विरघळून जायचे. ते गाळले असते तर आपल्या नकाशाची अचूकता वाढलेली दिसली असती. तुम्ही ठाम नकार दिलात. तिथं मधमाश्या आहेत, पक्ष्यांची घरटी आहेत, पिकाचं परागीभवन त्यांच्यावर अवलंबून आहे, म्हणून त्यांचा वेगळा वर्ग राहणारच, असं म्हणालात. 2015 मध्ये सेंटिनेल-2 हा उपग्रह आला आणि 10 मीटरच्या पिक्सेलमध्ये त्यातले रुंद पट्टे वेगळे दिसू लागले. त्या संध्याकाळी पडद्याकडे बघताना तुमचे डोळे भरून आले होते. शेती आणि परिसंस्था ही दोन वेगळी कामं नाहीत, हे मी त्या दिवशी खऱ्या अर्थानं शिकले.

तुमच्या वह्या आता माझ्या कपाटात आहेत, सगळ्यांचं स्कॅनिंग चालू आहे. सतराव्या वहीत एका पानाला वाळलेलं पातं चिकटवलंय आणि त्याखाली पेन्सिलीनं तीन ओळी आहेत. भिंग घेऊन बसले तरी त्या लागत नाहीत. समारंभ झाला की वही घेऊन तुमच्याकडे येते. तेवढ्या ओळी वाचून द्याल ना?

तुमची विद्यार्थिनी