केस लॉक केली म्हणता, पण नाव तर सगळ्यांना दिसतंय

मा. संपादक,

मी वकिलांच्या ऑफिसात काम करते, वकील नाही, तारखा, टायपिंग, स्कॅनिंग, बिलं हे सगळं बघणारी. आता हे सगळं सॉफ्टवेअरवर आलंय, आणि त्यात कोणाला काय दिसावं याबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

मागे आमच्याच स्टाफमधल्या एका मुलीने स्वतःची घटस्फोटाची केस आमच्याच ऑफिसातल्या एका मॅडमकडे दिली. ओळखीचे लोक आहेत, नीट बघतील म्हणून. आठवडा पण झाला नसेल आणि जेवणाच्या सुट्टीत कुजबुज सुरू. कोणी कपाट फोडलं नव्हतं, कोणाचा पासवर्ड चोरला नव्हता, सर्चमध्ये तिचं आडनाव टाकलं आणि अर्ज, पगाराच्या स्लिपा, नवऱ्याने केलेले आरोप सगळं समोर आलं. सॉफ्टवेअरमध्ये केस लॉक करायची सोय होती हो, पण ती आपणहून चालू करावी लागते आणि ती कोणी केलीच नव्हती.

विषय काढला की साहेब लोकांचं ठरलेलं वाक्य, आपलीच माणसं आहेत, विश्वास नको का. मला हे पटत नाही. उलट मलाच लॉक हवंय, कारण ती गोष्ट फुटल्यावर संशय आम्हा सगळ्यांवर आला, माझ्यावर पण, आणि मी ती फाईल उघडलीच नव्हती हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं कारण कोणी काय कधी उघडलं याचा लॉग बंद होता. दरवाजा बंद असेल तर आत गेल्याचा आळ तरी येत नाही.

मग काय केलं, तर ज्या दोघी बोलत होत्या त्यांची नावं त्या केसवर ब्लॉक केली आणि विषय संपला म्हणाले. पुढच्या महिन्यात एक नवा मुलगा ट्रेनिंगला आला आणि त्याला पहिल्या दिवसापासून ती केस दिसत होती, कारण ब्लॉकच्या यादीत त्याचं नाव असणार कसं? म्हणून यादी उलटी हवी, नाजूक केस असली की ती कोणालाच दिसू नये आणि जे त्यावर काम करतायत तेवढीच नावं आत टाकायची. बॉसला पण आपोआप दिसायला नको, काम असेल तर त्याचंही नाव टाका.

दुसरी गंमत म्हणजे फाईल उघडत नसली तरी तिचं नाव लिस्टमध्ये दिसतं. लोकांना वाटतं नावात काय आहे. अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर नावाचा वकील होता, मोठमोठ्या फर्ममध्ये काम केलेला, तो कोणती कंपनी कोणाला विकत घेणार हे आधीच बाहेर कळवायचा आणि त्यावर शेअर घेतले जायचे, साधारण १७ वर्षं हे चाललं. तर पकडलं जाऊ नये म्हणून तो शेवटी शेवटी कागद उघडायचाच नाही, फर्मच्या सिस्टीममध्ये सर्च मारून नुसती डॉक्युमेंटची नावं वाचायचा, तेवढ्यावर त्याचं भागायचं. २०१२ मध्ये त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे नाव दिसलं की निम्मी गोष्ट गेलीच, म्हणून अशा केसला काहीतरी भलतंच टोपणनाव द्यावं आणि सर्चमध्ये ती यायलाच नको.

आणि सर्च बंद केला तरी कॅलेंडर आहे, बिलात कामाचा तपशील असतो, नोटिफिकेशन येतं, आणि स्कॅन केलेले कागद तर सॉफ्टवेअरच्या बाहेर कॉमन फोल्डरमध्येच पडलेले असतात. हे मी रोज बघते. केस लॉक केली म्हणताना यातलं एकेक तपासलंय का हे कोणी विचारत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. नवीन पक्षकार आला की त्याच्या विरुद्ध बाजूचं काम आधीच आपल्याकडे आहे का हे सगळ्या केसेसमध्ये शोधावंच लागतं, लपवलेल्या केससुद्धा. तिथे सिस्टीमने फक्त एवढंच सांगावं की नाव जुळतंय, अमुक माणसाशी बोला, बाकी काही नाही. तसंच मॅडम आजारी पडल्या आणि दुसऱ्या दिवशी तारीख असली तर फाईल अडकून बसायला नको, कारण लिहून तात्पुरतं उघडता यावं आणि उघडल्याचा मेसेज लगेच मॅडमना जावा.

पण हे सगळं करून चार जणांनी एकच लॉगिन वापरायचं असेल तर राहू द्या. लॉगमध्ये नाव एकाचं आणि बघणारा भलताच. सोडून गेलेल्यांची लॉगिनं महिनोन्‌महिने चालू असतात ते तर वेगळंच.

तुमच्या वाचकांपैकी कोणाची केस चालू असेल तर वकिलांना एकदा सरळ विचारा की ऑफिसात माझी फाईल कोणाकोणाला दिसते. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला तर समजा.

त्या मुलीने केस दुसरीकडे नेली. आमच्या कॅलेंडरवर तिच्या जुन्या तारखा नावासकट अजून दिसतायत, काल परत सांगितलंय.

आपली,
ऑफिसातली एक कर्मचारी