विषय : बॉडी फॅट दाखवणाऱ्या काट्याबद्दल चौथी आणि शेवटची तक्रार

व्यवस्थापक,

आत्ता दुपारी साडेबाराला तुमच्या माणसाने माझा फोन मध्येच ठेवला. म्हणून हे पत्र.

काटा तुमचा, तेव्हा तो कसा चालतो हे तुम्हाला माहीत असणारच. तळपायातून बारीक करंट सोडायचा, अडथळा मोजायचा, त्यावरून अंगातलं पाणी काढायचं आणि पाण्यावरून चरबी. करंट एका पायातून चढतो, दुसऱ्यातून उतरतो. छाती आणि हात त्याच्या वाटेत येतच नाहीत. तिथली चरबी तुम्ही उंची, वय, वजन घालून सूत्राने ठरवता. ठरवा बापडे! पण मग खोक्यावर 'डेक्साइतका अचूक' कशाला छापता? डेक्सा म्हणजे क्ष-किरणांनी अंगातली चरबी मोजायची तपासणी, काट्यावर उभं राहणं नव्हे.

परवा सकाळी ३१.८ टक्के. रात्री २७.४. वजन ७८ किलोच्या आसपास, म्हणजे जवळजवळ साडेतीन किलो चरबी एका दिवसात गेली. दिवसभर मी गल्ल्यावर बसून होतो, आणि जेवणात कडक भाकरी नि शेंगाचटणी होती. माझा टॉवेलचा धंदा आहे. ओला टॉवेल काट्यावर टाकून सुताचं वजन सांगणाऱ्याला आमच्या कापडबाजारात, चाटी गल्लीत, कोणी दारात उभं करत नाही.

आता आजचा फोन. "सर, पाय पुसून उभे राहता का?" पुसतो. "टाचांना भेगा आहेत?" आहेत. मे महिन्यात सोलापुरात या, तुमच्याही टाचा फुटतील. "मग अॅथलीट मोड ऑन करा." माझं वय ५६, जिना चढलो की धाप लागते. कशाला, विचारलं. "रीडिंग कमी येईल ना सर." फोन कानाला धरूनच मोड लावला. २१.३! त्याच मिनिटाला, त्याच पायांवर. मी विचारलं, मग यातला खरा आकडा कोणता? तर म्हणाला, "तुम्हाला कोणता पाहिजे सर?"

अहो, ही काय भाजी आहे का?

मुलीकडे पुण्याला गेलो तेव्हा डेक्सा करून घेतला. ३३.६. यातही एक-दोन टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, हे तिथल्या बाईंनी मी न विचारता सांगितलं. जिममधल्या एका पोराने चिमट्यात कातडी धरून २९ काढले, दुसऱ्याने २६. पण दोघेही म्हणाले, "काका, अंदाज आहे." दहावी झालेल्या पोरांना जे कळतं, ते तुमच्या खोक्याला कळू नये?

सूत्र कोणाच्या अंगावरून बसवलंय, हे मी तीनदा विचारलं. त्याच बीएमआयला, म्हणजे उंचीच्या मानाने वजन तेवढंच असलं तरी, आपल्या लोकांत गोऱ्यांपेक्षा चरबी जास्त असते, म्हणून विचारलं. उत्तर नाही. आणि पुन्हा सांगतो, खोक्यावर 'डेक्साइतका अचूक' असं छापलंय. फोटो काढून ठेवलाय.

वजन मात्र बरोबर दाखवतो, दुकानातल्या काट्याशी ताडून पाहिलं. तेवढंच विकलं असतं तर मी चार जणांना सांगून तुमचा काटा खपवला असता.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. काटा बांधून ठेवलाय, माणूस पाठवा. २,४९९ म्हणजे २,४९९ रुपये. मोड लावून कमी केलेले नकोत.

तुमचा एक गिऱ्हाईक,
सोलापूर