कवितेच्या पुस्तकातले एसटीचे तिकीट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील चित्रपट परीक्षण वाचले. (चित्रपटाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे मला त्याचा शेवट फोडायचा आहे.) नवरा गेलेली बाई त्याच्या कवितांची वही घेऊन कोकणातल्या गावी येते आणि वर्षाच्या आत तिथल्या होडीवाल्यात गुंतते, हे परीक्षकांना पटले नाही. मुलीने मोबाइलवर लावून दिला म्हणून मीही तो पाहिला. मधे दोनदा लाइट गेली, तरी पुरा पाहिला. मला खटकले ते वेगळेच. भर जुलैच्या पावसात मागे ट्रॉलर ये-जा करताना दिसतात! १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, हे आमच्याकडचे शेंबडे पोरही सांगेल. प्रेमाचे मात्र पटले.

मी गावच्या छोट्या वाचनालयात पुस्तके देण्याघेण्याचे काम करते. आमच्याकडे एक निवृत्त एसटी कंडक्टर रोज यायचे, पण पेपरापुरते. पुस्तके न्यायची ती त्यांची बायको. ती गेली. महिन्याभराने ते तिच्याकडे राहिलेले पुस्तक परत करायला आले. आरती प्रभूंचे 'नक्षत्रांचे देणे'. कवी आमच्याच वेंगुर्ले तालुक्यातले, बागलांच्या राईचे. संग्रह १९७५ चा, पुढच्याच वर्षी ते गेले आणि साहित्य अकादमी मिळाले ते १९७८ मध्ये. पुस्तकात खूण म्हणून एसटीचे जुने, पंच केलेले तिकीट होते. त्यांनी दंड किती झाला ते विचारले. मग जरा थांबून म्हणाले, "बाई, हिना आदी काय काय व्हरलेला?"

मी रजिस्टर पुढे केले. त्याच क्रमाने ते एकेक पुस्तक नेऊ लागले. कादंबऱ्या भराभर झाल्या, कवितांना गाडी अडली. माझ्याकडे अर्थ विचारत, पण मला तरी कुठे सगळा कळतो! आरती प्रभू काही धड्याखालच्या शब्दार्थांत सापडणारे कवी नव्हेत. तेव्हा गुरुवारी येणाऱ्या एका निवृत्त नर्सबाईंकडे मी त्यांना पाठवले. त्याही एकट्याच. आता दर गुरुवारी खिडकीखालच्या बाकावर दोघांचा एकेका ओळीवरून वाद चालतो. परवा तर मला 'हळू बोला' म्हणावे लागले. गाव काय म्हणते ते लिहीत नाही, ओळखाल.

म्हणून चित्रपटाचा शेवट मला जास्त खोटा वाटला. नायिका नवऱ्याची वही भरतीच्या पाण्यात सोडते आणि मग होडीत पाय ठेवते. का म्हणून? होडीत वहीपुरती जागा नव्हती?

गेल्या गुरुवारी कंडक्टरकाकांनी 'नक्षत्रांचे देणे' पुन्हा काढले. तिकीट अजून त्याच पानात आहे, मीच ठेवले होते. ते उचलून बाजूला ठेवू लागले, तर नर्सबाई म्हणाल्या, "ऱ्हवांदे थंयच. आपण फुडच्या पानापासून वाचूया."

आपली,
एक वाचक, ता. वेंगुर्ले