चित्र बघून गेमवर लिहू नका, आधी एकदा खाली उतरून बघा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलं आणि गेमिंग यावर पानभर लेख आलाय, तो आमच्या उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर चांगलाच गाजला, निम्म्या लोकांनी घरी जाऊन पोरांचे मोबाईल काढून घेतले असतील. पैसे लावायच्या गेमबद्दल त्यात जे लिहिलंय त्याला माझा शंभर टक्के पाठिंबा. माझी तक्रार लेखाच्या मधोमध छापलेल्या चित्राबद्दल आहे. दगडी बोळ, भिंतीवर मशाल, समोरून चालत येणारा हाडांचा सापळा, आणि खाली ओळ अशी की ही पिढी हिंसेच्या अंधारात चाललीय. ज्यानं कुणी हे चित्र उचललंय त्याला ते कुठल्या जातीच्या गेमचं आहे हे माहीत नसणार. कारण हा प्रकार ह्या पिढीचा नाहीच ओ, तो १९८१ चा आहे, आणि तेव्हा तो खेळणारी कॉलेजची पोरं आता साठी ओलांडून गेलीत.

ह्या प्रकाराला डन्जन क्रॉलर म्हणतात. डन्जन म्हणजे जमिनीखालचं भुयार, तळघर, तुरुंग, काहीही समजा. तुम्ही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघता, म्हणजे स्क्रीनवर हिरो दिसत नाही, समोरची भिंत दिसते. तुमच्या बरोबर चार किंवा सहा जणांची टोळी असते, कुणी तलवारवाला, कुणी मंत्रवाला, कुणी कुलूप उघडणारा, आणि ती सगळी एकाच चौकोनात उभी राहून एकदम चालतात. एक बटन दाबलं की एक पाऊल, म्हणजे एक घर पुढं. वळायचं तर काटकोनातच. लेख लिहिणाऱ्यांना वाटलं असेल की धडाधड गोळ्या घालत पळायचं असतं, तर तसलं ह्यात काही नाही, उलट माझ्या भाच्याची पहिली प्रतिक्रिया होती की मामा हे लय स्लो आहे.

अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड ह्या दोघांनी १९८१ ला ॲपल टू कॉम्प्युटरवर विझर्ड्री नावाचा गेम केला, तो ह्या जातीचा मूळपुरुष धरा, तसं त्याच्या आधी अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांच्या प्लेटो नावाच्या मोठ्या कॉम्प्युटर सिस्टिमवर पोरं चोरून असले खेळ खेळायचीच. विझर्ड्रीत दहा मजले, प्रत्येक मजला वीस बाय वीस घरांचा, आणि गेममध्ये नकाशा नाही. अजिबात नाही. तुम्ही शेजारी ग्राफ पेपर घेऊन बसायचं आणि प्रत्येक पावलाला एक चौकोन भरायचा, इथं भिंत, इथं दार, इथं खड्डा. आणि गेम बनवणारेही लय बेरकी, त्यांनी अशी घरं ठेवलीत की पाय ठेवला की न सांगता तुमचं तोंड फिरतं, तुम्ही उत्तरेला चाललोय समजून दक्षिणेला जाता, नकाशा अख्खा उलटा होतो आणि तुम्हाला कळतसुद्धा नाही. मग डुमापिक नावाचा मंत्र टाकायचा, तो फक्त एवढंच सांगतो की जिन्यापासून किती घरं पूर्वेला, किती उत्तरेला, किती मजले खाली आहात आणि तोंड कुठं आहे. मी ड्रॉइंग बघून जॉब काढणारा माणूस, दिवसभर एक्स वाय झेड हेच चालतं, त्यामुळं मला हा मंत्र आग ओकणाऱ्या मंत्रांपेक्षा जास्त आवडतो, पण ते जाऊदे.

आता हिंसेचं. मारामारी आहे, नाही कशाला म्हणू. पण ह्या खेळात खरी अक्कल लागते ती परत फिरायला. विझर्ड्रीत माणूस मेला की देवळात न्यायचा, पैसे भरायचे, तरी तो उठेल याची गॅरंटी नाही, प्रयत्न फसला की राख, राखेवरचा प्रयत्न फसला की कायमचा गेला. मागचा सेव्ह उघडून पुन्हा सुरू करू हे पण चालत नाही कारण जे झालं ते गेम लगेच डिस्कवर लिहून टाकायचा. आणि अख्खी टोळीच खाली मेली तर त्यांची प्रेतं त्याच घरात पडून राहतात, ती आणायला तुम्ही नवीन टोळी तयार करून, तिला शिकवून, त्याच अंधारात पाठवायची. असल्या खेळात माणूस माजत नाही हो. दोन जण जखमी झाले, मंत्र संपत आले, समोर नवीन दार आहे आणि आत काय आहे माहीत नाही, तेव्हा दार न उघडता गप वर जाणं हे भल्याभल्यांना जमत नाही, मोठ्या माणसांना तर धंद्यात पण जमत नाही.

आणि अंधार म्हणाल तर तो पोरांना घाबरवायला लावलेला पडदा नाही, निदान सुरुवातीला तरी नव्हता. त्या काळच्या मशीनला लांबचं काढायची ताकदच नव्हती, दोन चार घरांपुरत्या रेघा ओढायच्या आणि पुढं काळं. पण काळं आहे म्हटल्यावर त्याचा नियम केला गेला. उजेडाचा मंत्र टाकला तर थोडं लांबचं दिसतं आणि चोरदरवाजे पण दिसतात, नाही टाकला तर भिंत समजून तुम्ही पुढं जाता. १९८७ ला अटारी एसटी नावाच्या कॉम्प्युटरवर डन्जन मास्टर हा गेम आला त्यानं तर कहर केला, तो थांबत नाही, तुम्ही विचार करत बसलात तरी आतलं जग चालूच राहतं, हातातली मशाल हळूहळू मंद होत जाते, टोळीला भूक लागते, तहान लागते, आणि खायला काही नसेल तर मारलेल्या भुयारी अळीचे काप खायचे. कोल्हापूरकराला हे वाचून कसंतरी होईल, ना तांबडा ना पांढरा, पण उपाशी मरण्यापेक्षा बरं. म्हणजे उजेड हा खर्चायचा माल झाला, जेवढा उजेड आहे तेवढंच लांब जायचं आणि परतीपुरता ठेवायचा.

पुढं ह्याला किती फांद्या फुटल्या बघा. १९९२ ला अल्टिमा अंडरवर्ल्ड आला, त्यात चौकोनाची पावलं गेली आणि भुयारात मोकळं फिरता यायला लागलं. जपानमध्ये तर विझर्ड्रीला असं डोक्यावर घेतलं की अमेरिकेतली मूळ कंपनी बंद पडली तरी तिकडं त्याच नावाचे नवीन गेम निघत राहिले. १९९४ ला जपानच्याच फ्रॉम सॉफ्टवेअरनं किंग्ज फील्ड काढला, सगळा अंधार, सगळा स्लो, आणि त्याच कंपनीनं पुढं डार्क सोल्स आणि एल्डन रिंग काढले, जे आज तुमच्या लेखक महाशयांच्या घरातली पोरं पण खेळत असतील. २००७ ला निन्टेन्डो डीएस ह्या हातात धरायच्या गेम मशीनवर एट्रियन ओडिसी आला, त्या मशीनला दोन स्क्रीन, वरच्यावर भुयार आणि खालच्यावर तुम्ही काडीनं नकाशा स्वतः काढायचा, म्हणजे ज्याला लोक त्रास म्हणत होते तोच त्यांनी मुख्य मजा म्हणून विकला. आणि २०१२ ला फिनलंडच्या चार पोरांच्या टीमनं लेजंड ऑफ ग्रिमरॉक केला, चार कैदी डोंगराच्या टोकावरून आत ढकलून देतात, जिवंत बाहेर पडायची वाट त्यांची त्यांनीच शोधायची. नव्या माणसानं सुरुवात करायची तर माझ्या मते इथूनच करावी, आणि नकाशा बंद ठेवायची सोय आहे ती चालू करून करावी. ग्रिमरॉक एकदा विकत घेतला की झालं, मधेच जाहिरात नाही, तलवार पाहिजे तर एवढे रुपये टाका असलं काही नाही.

हे पैशाचं मुद्दाम सांगतोय. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावायचे गेम बंद केले आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायचे गेम, आणि बाकीचे साधे गेम वेगळे काढले. म्हणजे दिल्लीत बसलेल्यांना फरक कळला. तुमच्या लेखात मात्र रमी, बंदूकवाले गेम आणि हे भुयारवाले गेम सगळे एका रांगेत, म्हणजे देशी दारू, कोल्ड्रिंक आणि सोलकढी तिन्ही पेयंच आहेत म्हणून तिन्हीवर एकच बंदी घाला म्हटल्यासारखं झालं.

अजून एक, हे जरा खटकलं म्हणून लिहितोय. त्या १९८१ च्या विझर्ड्रीचा डिजिटल एक्लिप्स कंपनीनं नवा रीमेक केला, तो २०२४ ला पूर्ण होऊन आला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या संगीताला ग्रॅमी मिळालं, विनिफ्रेड फिलिप्स ह्या बाईंना. त्याच सोहळ्यात आपल्या चंद्रिका टंडन यांना ग्रॅमी मिळालं, ती बातमी सगळ्या मराठी पेपरात आली आणि यायलाच पाहिजे होती. पण गेमच्या संगीताला ग्रॅमीत वेगळा पुरस्कार असतो ही ओळ मला तरी कुठल्या मराठी पेपरात दिसली नाही. सिनेमा आला की दुसऱ्या दिवशी साडेतीन स्टार छापता, नाटकाचा प्रयोग बघून लिहिता, आणि गेमचा विषय फक्त पोरगं बिघडलं की येतो.

लेखात सगळंच चूक आहे असं माझं म्हणणं नाही. ह्या प्रकारातले काही जपानी गेम खरंच लहान मुलांसाठी नाहीत, शिन मेगामी टेन्सेईमध्ये राक्षसांशी बोलणी करून त्यांना आपल्या टोळीत घ्यायचं असतं, टोकियो उद्ध्वस्त झालेलं असतं, ते कॉलेजच्या पोराला ठीक, पाचवीतल्याला नाही. वयाचं रेटिंग गेमच्या पानावर लिहिलेलं असतं, आईबापानं तेवढं बघावं. वेळ पण जातो, लय जातो, एक मजला पुरा करता करता रात्रीचे दोन वाजतात आणि सकाळच्या शिफ्टला डोळे चोळत जावं लागतं. आणि जुन्या गेममध्ये पावला पावलाला तीच तीच मारामारी येते तेव्हा कंटाळा पण येतो, विझर्ड्रीवर प्रेम असलं तरी हे मान्य करावं लागेल. हे सगळं लिहा ना. फक्त ज्यानं निदान दोन मजले उतरून बघितलेत त्यानं लिहा.

कोल्हापूरच्या माणसाला खरं तर हा प्रकार सांगायची गरज पडू नये. पन्हाळ्याची अंधारबाव बघितली नाही असं आपल्याकडं कोण आहे? तीन मजले, तळाला पाणी, वर पहारेकऱ्यांची जागा आणि मधून तटाबाहेर निघायची चोरवाट. शाळेच्या सहलीत प्रत्येक पोरगं तिथं वाकून बघतं आणि मास्तर ओरडत असतात. शत्रूनं पाण्यात विष कालवू नये म्हणून बाव अशी लपवून बांधली असं सांगतात. कुठून उतरायचं, परत कुठून निघायचं, उजेड कुठून येतो, दोन माणसांनी वाट अडवायची तर कुठं उभं राहायचं, गेमवाला महिनोन्महिने बसून जे डोक्यातून काढतो ते इथं दगडात उभं आहे. २०२५ ला पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेला, बारा किल्ल्यांमधला एक, तेव्हा आपण फटाके उडवले. पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं २०२० ला राजी नावाचा गेम करून आपल्या पुराणातल्या गोष्टी जगभर खेळायला लावल्या, तो प्रकार वेगळा आहे, पण इथं बसून करता येतं हे तर दिसलं. आपल्याकडं ॲनिमेशन शिकणारी पोरं आहेत, कोडिंगवाली आहेत, आणि चौकोनी पावलांचा गेम हा तसा कमी माणसांत होणारा प्रकार आहे, फिनलंडवाल्यांनी चौघांत केला. फक्त कुणी तरी केला तर त्यात मधेच ढोलताशा आणि डायलॉग नकोत एवढीच विनंती, अंधारबावीत शांतताच पाहिजे. पण तुमच्या पुरवणीत असं चित्र असल्या ओळीखाली छापून आलं की त्यातल्या एखाद्या पोराचा बाप म्हणणार, हे असलं करायला तुला शिकवलं का? मग ते पोरगं गप लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करत बसणार.

तर मागणं दोनच आहे. एक, त्या चित्राखालची ओळ दुरुस्त करून पुढच्या रविवारी छापा, चित्र कुठल्या गेमचं आहे आणि तो किती वयाच्या पुढं खेळावा हे त्यात लिहा. दोन, पुरवणीत पंधरा दिवसातून एकदा एका गेमबद्दल चार परिच्छेद येऊ द्या, सिनेमाच्या शेजारी जागा नसेल तर राशिभविष्याच्या खाली चालेल. लिहायला माणूस मिळत नसेल तर राजारामपुरीतली निम्मी कॉलेजची पोरं फुकट लिहून देतील, शुद्धलेखन तेवढं तुम्ही बघा, माझ्या ह्या पत्राचं पण बघा.

कळावे,
आपला एक नेहमीचा वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर