धबधब्याचा पंप हॉर्सपॉवर पाहून घेऊ नका

संपादक महोदय,

पाऊस ओसरला की गोव्यात बंगल्यांच्या अंगणात आणि हॉटेलांच्या आवारात चिऱ्यांचे छोटे धबधबे बांधायला घेतात. बांधकाम देखणे होते, पण पाणी दगडाला चिकटून नुसते ओघळत राहते. दोष सहसा गवंड्याच्या माथी मारला जातो. खरे तर बहुतेक ठिकाणी पंप घेताना चुकीचा आकडा पाहिलेला असतो.

पंपाच्या खोक्यावर दोन आकडे ठळक असतात : ताशी कमाल लिटर आणि कमाल उंची, म्हणजे हेड. हे दोन्ही एका वेळी कधीच मिळत नाहीत. ‘ताशी 8,000 लिटर, हेड 4 मीटर’ असे छापलेला पंप 8,000 लिटर देतो तो पाणी अजिबात वर चढवायचे नसेल तेव्हा, आणि 4 मीटरवर त्याची धार बंद पडते. मधल्या उंचीला किती पाणी मिळेल ते कंपनीच्या तक्त्यात किंवा आलेखातच कळते. तो तक्ता दुकानदार दाखवत नसेल, तर तिथून पंप घेऊ नये.

हिशेब धारेच्या रुंदीपासून सुरू करावा. पाणी ज्या कडेवरून पडणार, तिच्या दर सेंटीमीटरला ताशी सुमारे 150 लिटर धरले की पातळ पण अखंड पडदा पडतो. भरघोस, आवाज करणारे पाणी हवे असेल तर 300 लिटर धरावे. नेमके काय आवडते ते खर्चाआधीच पाहता येते. बागेच्या नळीने 20 लिटरची बादली एका मिनिटात भरेल इतका नळ सोडा. ही धार ताशी 1,200 लिटरची झाली. ती 8 सेंटीमीटर रुंदीच्या कडेवरून सोडली की 150 लिटरचा पडदा डोळ्यांसमोर येतो, 4 सेंटीमीटरवरून सोडली की 300 चा.

समजा, कड 45 सेंटीमीटर आहे. पातळ पडद्याला ताशी 6,750 लिटर लागतील. आता उंची. ती खालच्या कुंडातल्या पाण्याच्या पातळीपासून पाईपच्या वरच्या तोंडापर्यंत मोजायची. पंप पाण्याखाली किती खोल बसवला आहे याचा त्यात संबंध नाही. ही उंची दीड मीटर धरू. शिवाय पाईपमधले घर्षण आहे, आणि सगळा घोळ इथेच होतो. एवढे पाणी आतून 40 मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे साधारण दीड इंची पाईपमधून 6 मीटर नेले, तर सुमारे 35 सेंटीमीटर हेड खर्ची पडते. तीन एल्बो, म्हणजे वळणाचे जोड, धरून ते 60 च्या आसपास जाते. तेच पाणी 25 मिलिमीटरच्या, म्हणजे एक इंची पाईपमधून नेऊ म्हटले तर नुसत्या सरळ पाईपमध्येच 3 मीटरहून अधिक हेड जाते, धबधब्याच्या उंचीच्या दुपटीपेक्षा जास्त! पंपाचे तोंड एक इंची आहे म्हणून पाईपही एक इंची टाकणे हा महागात पडणारा काटकसरीपणा आहे. तोंडाजवळ रिड्युसर, म्हणजे दोन मापांचे पाईप जोडणारा तुकडा, लावून पुढे मोठा पाईपच घ्यावा.

दीड मीटर उंची आणि घर्षणाचे 60 सेंटीमीटर, म्हणजे आपल्याला 2.1 मीटरला 6,750 लिटर हवे. याच उंचीला 8,000 च्या आसपास देणारा पंप घ्यावा आणि पंपाच्या पुढच्या पाईपवर व्हॉल्व्ह बसवून धार जुळवावी. पंपात शिरणारे पाणी मात्र कधीही अडवू नये. असा पंप साधारण 120 ते 160 वॅटमध्ये मिळायला हवा. टाकीवर पाणी चढवणारी अर्धा हॉर्सपॉवरची मोटर इथे चालत नाही, कारण ती थोडे पाणी फार उंच नेण्यासाठी घडवलेली असते आणि तासन्‌तास सलग चालवण्यासाठी नसते. विजेचेही पाहा : रोज 8 तास चालवल्यास 150 वॅटला महिन्याला 36 युनिट, अशा मोटरच्या साधारण 550 वॅटला 132. कुंडात मासे असतील तर तेल भरलेला सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून चालवायचा पंप, टाळावा. सील गेले की तेल पाण्यात उतरते.

कुंडाच्या आकाराकडे सहसा कोणी पाहत नाही. पंप सुरू होताच वरचा टप्पा आणि ओहोळ आधी भरतात. 4 मीटर लांब, 45 सेंटीमीटर रुंद ओहोळात 5 सेंटीमीटर पाणी म्हणजे 90 लिटर. कुंड लहान असेल तर तेवढ्यात पातळी पंपाखाली जाते, पंप कोरडा चालून जळतो, आणि बंद केल्यावर तेच पाणी परत येऊन कुंड ओसंडते. पाणी खाली गेले की पंप बंद करणारा फ्लोट स्विच लावावा आणि पंप तळापासून चिऱ्याच्या तुकड्यावर उचलून ठेवावा, म्हणजे गाळ ओढला जात नाही.

चिऱ्याबद्दलही सांगायला हवे. तो सच्छिद्र आणि खडबडीत, त्यामुळे त्याच्या कडेवर पडदा फाटतो आणि पाणी दगडाच्या अंगाने मागे वळते. कडेला कडप्पा किंवा ग्रॅनाइटची पट्टी 4-5 सेंटीमीटर पुढे काढून खालून खाच मारावी. जोड नीट बुजवले नाहीत तर पाणी मागच्या मागे मुरते आणि पंपाला उगाच दोष जातो.

पंपाच्या जोडणीला अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढावा. पावसाळ्यात धबधबा बंद ठेवणार असाल तर कुंड रिकामे करा किंवा त्यात गप्पी मासे सोडा, नाहीतर साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते.

– एक वाचक, फोंडा