ध्यान ही रक्तदाबाची गोळी नाही, बुवाबाजीही नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ध्यानाने रक्तदाब, साखर, अर्धशिशी सगळं पळतं, असा लेख रविवारच्या पुरवणीत आला आणि त्यावर ‘ही सुशिक्षितांची बुवाबाजी’ असं एका वाचकाचं पत्र. पत्रलेखक माझ्याच गोटातले दिसतात. मी शाळेत विज्ञान शिकवलं. पोटॅशियम परमँगनेटवर ‘तूप’ म्हणून ग्लिसरीन ओतून ‘मंत्राने’ होम पेटवायचा आणि मग त्यातली गोम सांगायची, हे जत्राजत्रांतून करत आले. देव मानत नाही. पण इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आल्यापासून दोन्हीकडचं असलं लिहिणं खटकतं.

गेले ती श्रद्धेपोटी नव्हे. यजमान गेल्यापासून झोप उडाली होती आणि वाटणीवरून दिरांशी बोलणं बंद होतं. तिथे मोबाइल, वही, पेन आधीच जमा. पहाटे चारला घंटा, मौन, आणि पहिले तीन दिवस नुसता नाकाशी येणारा-जाणारा श्वास. खरं सांगायचं तर कंटाळा आला. मग विपश्यना, म्हणजे अंगभर उठणाऱ्या संवेदना नुसत्या बघत राहणं, सुरू झाली आणि ‘अधिष्ठाना’च्या बैठका: तासभर हातपाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत.

अशाच एका बैठकीत उजवा गुडघा पेटला. बघत राहिले तर ती कळ एकसंध नव्हतीच. मध्ये ठणका, कडेला मुंग्या, आणि ती कडही सारखी सरकतेय. तेवढ्यात दिरांचं वाक्य आठवलं, ‘वहिनी, तुम्हाला एकटीला एवढं घर कशाला?’ पोटात धग उठली. एरवी लगेच माझी उत्तरं सुरू होतात. त्या दिवशी धगच आधी दिसली, छातीपर्यंत चढली आणि ओसरली. उत्तर आलंच नाही. मग रडू कोसळलं, पण त्यात दुःख नव्हतं. इतकी वर्षं तो राग ‘माझा’ म्हणून जपणारी बाई आत कुठे सापडेना. याला आध्यात्मिक अनुभव म्हणायला मी कचरत नाही.

प्रकाशबिकाश काही दिसला नाही. पुनर्जन्म अजूनही पटत नाही. संध्याकाळच्या प्रवचनात ‘कलापां’ची (त्यांच्या मते पदार्थाचे सूक्ष्मतम कण) कणभौतिकीशी घातलेली सांगड ऐकून तर माझ्यातली मास्तरीण चुळबुळत होती. पण हे न मानताही बसता येतं. कुणी गंडा बांधला नाही, फी घेतली नाही. दान घेतात ते शिबिर पुरं केलेल्यांकडूनच, तेही ऐच्छिक. बुवा कसा असतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

पुरवणीच्या लेखकांसाठी एक गोष्ट. या शिबिरांचे आचार्य सत्यनारायण गोयंका १९५५ साली ब्रह्मदेशात ध्यानगुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते अर्धशिशीला कंटाळूनच. सयाजी तिथल्या सरकारात महालेखापाल. निव्वळ डोकेदुखीसाठी येणार असाल तर शिकवणार नाही, असं त्यांनी सुनावलं होतं. गोयंका स्वतःच हे सांगत. माझी रक्तदाबाची गोळी चालू आहे.

शिबिराच्या अर्जात मानसिक आजार आणि चालू औषधं विचारलेली असतात. ओळखीतल्या एका मुलाच्या घरच्यांनी ती माहिती लपवली, गोळ्याही घरीच ठेवायला लावल्या. शिबिर अर्धवट टाकून त्याला परत आणावं लागलं. आपल्या लेखात याविषयी एक ओळ नव्हती. येत्या रविवारी ती छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, कराड